गोमुखापासून पेवापर्यंत : आबांबरोबर पाच दिवस

माझं माहेर कोकणातल्या महाडचं, सासर माणदेशातलं, म्हणजे साताऱ्याच्या कोरड्या पूर्व भागातलं, आणि राहायला आम्ही पुण्यात. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये सासरी जाताना मी छत्री, रेनकोट आणि प्लॅस्टिकच्या चपला घेऊन गेले होते. पोरांनी ती छत्री अंगणात नाचवली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पुण्याची सून पावसाची तयारी करून आलीय. त्या महिन्यात तिथं दोनदा भुरभुर आली. दोन्ही वेळा मी झोपले होते.

ही थट्टा अकरा वर्षं चालू आहे. यंदा नवरात्राच्या आधी सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "चल, पाऊस कुठं सुरू होतो आन् कुठं संपतो ते एकदा दावतो तुला." आबांनी ३३ वर्षं एसटी चालवली, त्यातली बहुतेक सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर. नवऱ्याला रजा नव्हती. मग गाडी मी चालवायची आणि शेजारी बसून नसलेला ब्रेक आबांनी दाबायचा, असं ठरलं. आबांचे नऊ दिवसांचे उपास असतात, त्यामुळे या लेखात खाण्याचं वर्णन बरंचसं भगर आणि रताळ्यांभोवती फिरेल, आधीच सांगून ठेवते.

पहिला दिवस : क्षेत्र महाबळेश्वर (तिसरी माळ)

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. वाईला ऊन होतं. पाचगणी सोडल्यावर वायपर लावला तो दुसऱ्या दिवशी खाली उतरेपर्यंत बंद केला नाही. गावातल्या काही दुकानांना अजून पावसाळी झडी बांधलेल्या होत्या. पूर्वी त्या गवताच्या असायच्या, आता बहुतेक निळ्या ताडपत्रीच्या. इथं वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतीला कोट घातल्याशिवाय भिंत टिकत नाही.

बाजारपेठेत न थांबता थेट क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून कुंडात पडतं. मी लहानपणी इथं शाळेच्या सहलीला आले होते, तेव्हा फक्त गर्दी आठवते. या वेळी धुकं इतकं होतं की आतला दिवा आणि पाण्याचा आवाज एवढंच होतं.

तिथं उभं राहिल्यावर एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात नीट शिरली. सावित्री पश्चिमेला उडी मारते, पोलादपूर-महाडवरून शंभरएक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीला मिळते. ती माझ्या माहेरच्या घरामागून जाते. कृष्णा पूर्वेला वळते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे माझं माहेर आणि सासर एकाच दगडी छपराच्या दोन उतारांवर आहे आणि आम्ही दोघं त्या छपराच्या आढ्यावर उभे होतो.

आबांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि गोमुखाखाली धरली. "गावाकडं सिद्धनाथाला घालायचं," म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी मला पाऊस समजावून सांगितला. मी शाळेत पर्जन्यछायेची आकृती काढून चार गुण मिळवले होते, पण ही आवृत्ती जास्त पटली. "ढग म्हंजी भरल्याली गाडी. खालनं कोकणातनं येती खच्चून भरून. घाट चढायचा तर पॅशिंजर उतरवाय लागत्यात. महाबळेश्वरात निम्मी गाडी मोकळी. पाचगणीला अजून उतरत्यात. आमच्याकडं पोचतीय ती रिकामी गाडी. बोर्ड म्हसवडचा, आत कुणी न्हाय." मी त्यात एवढीच भर घातली की घाट उतरताना हवा तापते, त्यामुळे गाडीत उरलेले दोन-चार पॅसेंजरही खाली उतरायला तयार नसतात. आबांना ते मान्य झालं.

आर्थर सीटला गेलो नाही. धुक्यात पांढऱ्या भिंतीकडे बघायला पार्किंगचे पैसे भरण्यात अर्थ नव्हता.

जाणार असाल तर: सप्टेंबरअखेरपर्यंत इथं छत्री निकामी ठरते, रेनकोटच घ्या. आणि या दिवसांत ‘ताजी स्ट्रॉबेरी’ असा बोर्ड दिसला तर हसून पुढे जा, फळाला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो.

दुसरा दिवस : पाचगणी, पसरणी घाट, वाई

सकाळी भिलारच्या बाजूला एका शेतावर थांबलो, कारण गादीवाफ्यांवर बायका रोपं लावत होत्या. महाबळेश्वर-पाचगणीच्या या पट्ट्यात देशातली सुमारे ८५ टक्के स्ट्रॉबेरी पिकते, २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला वाटत होतं की स्ट्रॉबेरी इथं पावसामुळे येते. शेतकरीदादा हसले. "पावसामुळं नाही ताई, पाऊस असूनसुद्धा." मातृरोपं परदेशातून येतात, पण त्यांची पिल्लं पावसाळ्यात इथं वाढवली तर कुजून जातात. म्हणून रोपवाटिका खाली वाईच्या बाजूला करतात आणि पाऊस हलका झाला की रोपं घाट चढून वर येतात. थंडी वरची, बालपण खालचं. वीसएक किलोमीटरांत पावसाचा फरक एवढा आहे की एकाच पिकाला दोन गावं लागतात.

त्याच फरकावर पाचगणी उभी आहे. महाबळेश्वरहून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला, पण पाऊस निम्माही नाही. इंग्रजांना पावसाळ्यात महाबळेश्वर सोडावं लागायचं, पाचगणीत बारा महिने राहता यायचं. म्हणून तिकडे बाजारपेठ आणि पॉइंट, तर इकडे निवासी शाळा आणि क्षयरोग्यांचं आरोग्यधाम. टेबललँडवर गेलो. जांभ्याचा तो सपाट तुकडा ओला असला की जुन्या लाल सतरंजीसारखा दिसतो. घोडेवाल्यांनी आबांना तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा आबांनी त्यांचं गाव विचारून घेतलं आणि घोड्यावर बसले नाहीत.

पसरणी घाट उतरताना आबा गप्प होते. तिसऱ्या वळणावर म्हणाले, "सेकंडला टाक." टाकला.

वाईत कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीसमोर दुपार काढली. देऊळ १७६२ सालचं, रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत नावेच्या टोकासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. घाटावरून उतरलेली नदी पहिल्यांदा जिथं श्वास घेते, तिथं वाई आहे. पाणी आहे पण अंगावर येत नाही, जमीन सपाट आहे आणि पाठीशी डोंगर. अशा जागी देवळं, पाठशाळा आणि वाडे होणारच. मराठी विश्वकोशाचं काम इथं बसून झालं, हे मला नेहमीच योग्य वाटत आलंय. मुंबईत बसून ‘अ’पासून सुरुवात करायला कुणाला सवड मिळाली असती?

एका घरगुती खानावळीत मावशींनी आबांसाठी भगर आणि दाण्याची आमटी केली, मला पिठलं-भाकरी. आमटीत आमसूल होतं. आबांनी दोनदा मागून घेतली आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "उपास असा आसल तर बारा म्हैने करावा."

तिसरा दिवस : वर्धनगडची खिंड ते म्हसवड

हा दिवस बघायलाच मी आले होते.

सातारा, कोरेगाव. कोरेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, आलं, घेवडा. इथला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, शिजल्यावर ते जातात. अर्धा किलो घेतला. मग रस्ता वर्धनगडाला चढायला लागतो. किल्ला डावीकडे ठेवून खिंड ओलांडली आणि आबा म्हणाले, "थांब. मागं बघ, आता म्होरं बघ."

मागे हिरवं होतं. पुढेही हिरवं होतं, सप्टेंबर होता म्हणून, पण वेगळं. जवसाच्या रंगाचं गवत, बाभळी, मधेमधे उघडा खडक, आणि आभाळ एकदम मोठं. त्या पलीकडे माळावर पवनचक्क्यांची रांग. डोंगर इकडे पाऊस देत नाही पण वारा सोडतो. "एसटीत नवा कंडक्टर आला की मी हितं सांगायचो, पावसाळ्यात काचा हितनं फुडं उघडायच्या," आबा म्हणाले.

महाबळेश्वरला २२-२३ जुलै २०२१ ला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच रात्री महाड बुडालं, माझी आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होती. म्हसवडच्या बाजूला अख्ख्या वर्षाचा पाऊस सरासरी पाचशेच्या आसपास. आमच्या बाजूला एका दिवसात जेवढं येतं, तेवढं इथं वर्षभरात आलं तर लोक पेढे वाटतात. आणि त्यातलाही मोठा भाग परतीचा. जूनचे ढग इथं फसवतात, सप्टेंबर-ऑक्टोबरचे गडगडाट करत येतात आणि एका दुपारीत काय ते देऊन जातात.

पुसेगाव, दहिवडी, गोंदवले. गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. आबांच्या गावी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, वाट बघत होते. आबांनी आधी देऊळ, मग घर, असं ठरवलं होतं. बाटली बाहेर काढली, दोन दिवस मांडीवर ठेवून आणलेली. म्हणाले, "कृष्णामाईचं पाणी हाय, गोमुखातलं."

तात्यांनी बाटलीकडे बघितलं. "आरं दादा, कशाला वझं केलंस? तळ्यात तेच आलंय."

खरं होतं. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून येरळेच्या खोऱ्यात, नेरच्या तलावात आणि तिथून बोगद्याने माणच्या खोऱ्यात आंधळीला येतं. उरमोडी धरणाचं पाणीही कालव्याने या तालुक्यात पोचलं आहे. जो डोंगर आम्ही सकाळी खिंडीतून ओलांडला, तोच ओलांडून पाणीही आलं होतं, फक्त त्याला वीजबिल पडतं. आबा थोडा वेळ बाटली हातात धरून उभे राहिले. मग देवाला घातलीच. "पंपातलं येगळं," म्हणाले.

जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेलं हुलग्याचं माडगं. हुलगा हे पीक या जमिनीचं खरं लेकरू, दोन सरींवर येतं आणि तक्रार करत नाही. काकींनी तेच माझ्याबद्दल म्हणायला पाहिजे होतं, पण म्हणाल्या नाहीत.

दुपारी आबांनी मला एक माळ दाखवला. १९७२च्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते आणि त्या माळावर खडी फोडत होते. मजुरी, मिलो ज्वारी आणि सुकडी. "लाल ज्वारी, अमेरिकेची. भाकरी थापली की फाटायची. पर खाल्ली." रस्ता कुठून कुठे जाणार होता, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पुढे नोकरी लागल्यावर त्याच रस्त्यावरून त्यांनी एसटी नेली.

संध्याकाळी म्हसवडला एका घोंगडी विणणाऱ्या जोडप्याकडे गेलो. सनगर समाजाचं हे काम. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. लोकर धनगरांकडून येते. उभ्या धाग्यांना चिंचोक्यांची खळ लावतात, त्यासाठी चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून घ्यावे लागतात. आजींचे हात खळीने पिवळट झाले होते. मी विचारलं, इथं पाऊस नाही, मग घोंगडं कशाला? आजोबा माग न थांबवता म्हणाले, "हितं थंडीला. पावसाला तुमच्याकडं." तेव्हा मला माहेरचा गडी आठवला, भाताच्या लावणीला डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन वाकलेला. ते घोंगडं कुठून यायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मेंढीला ओल सोसत नाही, खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात मेंढरं या कोरड्या माळांवर असतात आणि दिवाळीनंतर धनगर ती घेऊन कृष्णाकाठाला, काही थेट कोकणात उतरतात. ज्या भागाला सगळे दुष्काळी म्हणतात, ते मेंढरांचं पावसाळ्यातलं माहेर आहे. लोकरीला आता भाव नाही, कातरणीची मजुरी सुटत नाही, असं आजोबा म्हणाले. एक घोंगडं घेतलं. घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नका. आठवड्याच्या कामाचे ते पैसे असतात.

रात्री अंगणात झोपलो. वीज दूर पूर्वेला चमकत होती. तात्या उठून तीनदा आभाळ बघून आले. पाऊस सोलापूरकडे गेला.

चौथा दिवस : आटपाडी, खरसुंडी, विटा

सकाळी म्हसवडहून दिघंचीमार्गे आटपाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबं, काही बागांवर पांढऱ्या साड्या पांघरलेल्या, फळाला ऊन लागू नये म्हणून. डाळिंबाला कोरडी हवा लागते. पाऊस जास्त झाला की तेल्या येतो, फळावर तेलकट डाग पडून ते तडकतं. तरी आता या बागांमध्ये उसाचे तुकडे दिसायला लागलेत. टेंभू योजनेचं पाणी आलं. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवून पाच टप्प्यांत पाणी वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी असं सांगोल्यापर्यंत न्यायचं, अशी ही योजना. पाणी असंच मिळालेलं नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथं जमायची.

एका बागेत थांबलो तर मालक म्हणाला, पुढच्या वर्षी दोन एकर ऊस लावणार. आबा गाडीत बसल्यावर म्हणाले, "ऊस आला की म्हातारी माणसं सुटली. पर मग माणदेश कशाला म्हणायचं ह्याला?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "म्हणू दे काय म्हणायचं ती. पोरं तरी ऱ्हातील." हा प्रश्न त्यांचा सुटलेला नाही, माझाही नाही. मला तर इतक्या लांब, इतक्या उंच चढवलेलं पाणी उसाला देणं पटत नाही. पण मी महाडची. पाणी कुणी कशाला वापरावं हे सांगायचा अधिकार मला सगळ्यात शेवटी.

खरसुंडीला सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. इथली खिलार जनावरांची जत्रा मोठी, पण आमच्या वेळी पटांगण मोकळं होतं.

विट्यात मात्र गडबड झाली. आरक्षण केलेल्या लॉजने दारात सांगितलं की खोली नाही, दसऱ्यामुळे भरलं. भांडण्यात अर्धा तास गेला. शेवटी आबांनी फोन फिरवले आणि तालुक्यातल्या एका गावात, त्यांच्या जुन्या कंडक्टर सहकाऱ्याच्या पुतण्याच्या घरी सोय झाली. सहलीतला सगळ्यात चांगला मुक्काम हाच ठरला.

घर म्हणजे तीन मजली बंगला, समोर ग्रॅनाइटचे खांब, शेजारी पत्र्याची घरं. वर्षातले अकरा महिने कुलूप. हे कुटुंब गलाईवालं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतली हजारो माणसं देशभर जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत. पोट भरेना म्हणून कुणाचे आजोबा गेले, भट्टी फुंकायला शिकले, मग भावाला बोलावलं, मग मेव्हण्याला. आता बंगालपासून केरळपर्यंत कुठल्याही सराफी पेठेच्या मागच्या गल्लीत जा, माणदेशी बोली ऐकू येते.

घरचे दादा तमिळनाडूत असतात. त्यांनी रात्री ओसरीवर बसून काम सांगितलं. जुन्या दागिन्यात तांबं, चांदी आणि डाग, म्हणजे जोडकामाचा मिश्रधातू, असतो. त्यात अजून चांदी घालून मुशीत वितळवायचं, म्हणजे सोनं चौथ्या हिश्श्यावर येतं. मग ते तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळून जातं, सोनं तळाशी तपकिरी भुकटीसारखं उरतं. "बघितलं तर चहाची पूड वाटंल. वितळवलं की मग सोनं." विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत काढतात. पिवळ्या धुराने छातीची वाट लागते, हेही त्यांनी सांगितलं, फारसं महत्त्व न देता.

मी विचारलं, ज्या गावात पाणी नव्हतं तिथल्या लोकांना हाच धंदा का सापडला? ते म्हणाले, "जमीन लागत न्हाय, पाणी लागत न्हाय, आन् इमान लागतंय. तेवढं एकच आमच्याकडं हुतं."

त्यांचा मुलगा बारावीत. जन्म तिकडचा, मित्रांशी फोनवर तमिळ बोलत होता. गाव कुठलं विचारल्यावर क्षणाचाही वेळ न घेता याच गावाचं नाव सांगितलं. सगळं मिळून इथं किती दिवस राहिला असशील? हिशेब करून म्हणाला, सात-आठ महिने. तिकडे त्यांना ‘सेठ’ म्हणतात, इकडे ‘तमिळवाले’.

सकाळी गावच्या देवळात गेले. सभामंडपात देणगीदारांची संगमरवरी फरशी. नाव, रक्कम, आणि पुढे कंसात मुक्काम: कोईमतूर, मदुराई, त्रिशूर, कानपूर, लुधियाना, गुवाहाटी. मी फोटो काढत होते, तर पुजारी म्हणाले, शाळेची फरशी याहून मोठी आहे.

जाणार असाल तर: दसऱ्याच्या आठवड्यात या भागात मुक्कामाची सोय फोनवर दोनदा पक्की करा. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असते, त्यासाठीही गर्दी होते. आम्हाला तोवर थांबता आलं नाही.

पाचवा दिवस : येरळा, सांगली, हरिपूर

निघताना येरळेवर बलवडीजवळचं बळीराजा स्मृती धरण बघितलं. लहानच आहे. पण १९८०च्या दशकात लोकांनी लढून, नदीतली थोडी वाळू विकायचा हक्क मिळवून त्या पैशांतून आणि श्रमदानातून बांधलेलं. आणि पाणी वाटताना जमीन नसलेल्यालाही हिस्सा असावा, हा त्यामागचा आग्रह. एक गुराखी बांधावर बसला होता. आबांनी त्याला तंबाखू दिली, उपासाला चालते म्हणे.

किर्लोस्करवाडी वाटेत लागते. १९१० साली औंधच्या राजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला. पिकाला नालायक जमीन आणि शेजारी रूळ, एवढ्या भांडवलावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. तासगावच्या बाजूला द्राक्षबागांची छाटणी सुरू होती. मार्च-एप्रिलमधल्या कोरड्या वाऱ्यावर इथं बेदाणा तयार होतो. छाटणी झालेल्या बागेलाही पाऊस नको. म्हणजे ज्या परतीच्या पावसासाठी तात्या रात्री तीनदा उठले, तोच सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर बागाईतदाराला नको असतो.

सांगलीत भडंग घेतलं (आबांनी दसऱ्यानंतर खायला दोन किलो) आणि हरिपूरला गेलो. इथं कृष्णेला वारणा मिळते. मला बघायची होती हळदीची पेवं. सांगली हळदीची मोठी पेठ, आणि हरिपूरच्या मातीचा गुण असा की वीस-पंचवीस फूट खोल खड्डा घेतला तरी आत पाणी झिरपत नाही. तोंड अरुंद, आत रांजणासारखं पोट. तळाला आणि बाजूंना पाचट लावून हळद भरायची, तोंड मातीने बंद करायचं. हवा नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल तसाच राहतो. एका वृद्ध व्यापाऱ्यांनी आम्हाला एक जुनं, रिकामं पेव दाखवलं. झाकण काढून लगेच कुणी उतरत नाही, आधी पेटता कंदील दोरीने सोडतात. विझला तर थांबायचं.

मी वाकून बघितलं. हळदीचा वास अजून होता, जुन्या कपाटासारखा.

२००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. वरून. खालून न झिरपणारी जमीन होती, पण वरून येणाऱ्याला काय करणार? बहुतेक पेवं तेव्हाच संपली, हळद आता शीतगृहांत जाते. २०१९मध्ये तर आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, धोक्याची पातळी ४५ची. आणि याच नदीचं पाणी २०१६ला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांत भरून लातूरला गेलं होतं.

व्यापाऱ्यांच्या घराच्या भिंतीवर २०१९च्या पाण्याची रेघ होती. त्यांनी ती तशीच ठेवलीय, रंग देताना सोडून. आबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. रेघ त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर. त्यांनी हात वर करून तिला बोट लावलं, मग बोट बघितलं, जसं काही ओलं असेल. माझ्या आईच्या घरात अशीच रेघ आहे, जिन्याच्या सातव्या पायरीला. मी ती आबांना कधी दाखवली नव्हती. या वेळी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तू छत्री आणलीस तवा आम्ही उगाच हसलो."

मग म्हणाले, "फोटू काढ माझा. हितंच. रेघ दिसली पायजे."

काढला. तात्यांना पाठवला. अर्ध्या तासाने, मिरजेच्या फाटकाला थांबलो असताना तात्यांचा आवाज आला, पाठीमागे मेंढरांचा कलकलाट: "दादा, त्यांना म्हणावं, निम्मं इकडं सोडा. आन् त्या बाटल्या आणायचं बंद कर."